विचारा ताईला : ‘मोठ्या उत्साहात’ नेमकं कोणाला दिसलं?

मागच्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की प्राथमिक शाळेतली मुलं स्वतःचं वर्तमानपत्र काढत असतील आणि कुठे गाडं अडलं असेल तर कळवा. मला वाटलं दोनचार पत्रं येतील, पण ढीगच आला. काही ईमेल, काही वहीचं पान फाडून लिहिलेली, एकाला तर मागे गणितं पण होती. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा नाही म्हणून सहा निवडलीत. मी बरीच वर्षं पेपरात उपसंपादक होते आणि आता मुलांबरोबर शाळेचा अंक काढते, त्यामुळे दोन्हीकडे हात पोळलेत, त्या हिशोबानेच वाचा.

प्रश्न : माझा मुलगा तिसरीत आहे. शाळेच्या पेपरसाठी त्याचं सिलेक्शन झालं, आम्ही सगळे खूश. पहिलीच बातमी स्नेहसंमेलनाची. त्याने लिहून आणलं, “आमच्या शाळेत स्नेहसंमेलन मोठ्या उत्साहात पार पडले. प्रमुख पाहुण्यांनी मोलाचे मार्गदर्शन केले. सर्वांनी आनंद लुटला.” वाचून मला कसंतरीच झालं पण चूकही काढता येईना, कारण पेपरात असंच तर असतं. शेवटी मीच बसून छान लिहून दिलं तर बाई म्हणाल्या हे आईने लिहिलंय, लगेच कळतं. आता काय करू? (एक आई)

उत्तर : बाईंना कळलं ते बरंच झालं, नाहीतर पुढची पाच वर्षं तुम्हीच त्या शाळेच्या बिनपगारी वार्ताहर झाला असता. :)

“मोठ्या उत्साहात पार पडले” हे वाक्य मी डेस्कवर असताना कितीदा कापलंय याची गणती नाही, आणि घाईत कितीदा तसंच सोडलंय याचीही नाही. मुलगा चुकलेला नाही, त्याने जे पाहिलं तेच उचललं. पण एक गंमत करून बघा. त्या तीन वाक्यांतला ‘स्नेहसंमेलन’ शब्द झाका आणि तिथे विज्ञान प्रदर्शन घाला, वृक्षारोपण घाला, निरोप समारंभ घाला, काही फरक पडतो का? नाही पडत. म्हणजे तिथे हजर नसलेला माणूसही ही बातमी लिहू शकला असता, मग याला कशाला पाठवलं?

आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने डिट्टो असंच लिहून आणलं होतं. मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, ते राहू दे, तुला काय दिसलं ते सांग. तर तो सुटलाच, “ताई पडदा अर्धाच उघडला आणि अडकला, मग सर शिडी घेऊन आले, आणि जी मुलगी झाड झाली होती ना ती तेवढा वेळ हात वर करून तश्शीच उभी, तिचे हात थरथरत होते पण तिने खाली नाही घेतले.” अहो ही बातमी! आणि हा पठ्ठ्या ती खिशात ठेवून मला पाहुण्यांचं मोलाचं मार्गदर्शन वाचून दाखवत होता.

तर तुम्ही एवढंच करा, पेन त्याच्याही हातात देऊ नका आणि तुमच्याही. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा आणि म्हणा, आजारी पडल्यामुळे तुझा मित्र येऊ शकला नाही, त्याला फोनवर सांगतोयस असं सांग. नंतर दोघं मिळून ऐका आणि तो जसं बोललाय तसंच त्याला उतरवून काढू दे. ‘मग’ आणि ‘ना’ जास्त झाले तर थोडे काढा, पण त्याची वाक्यं तुमच्या वाक्यांनी बदलू नका. ‘शिडी घेऊन आले’ चं ‘शिडीची व्यवस्था करण्यात आली’ केलंत की मेलीच ती बातमी.

नंतर ककार तपासा. काय झालं, कोणाचं, कुठे, केव्हा, का, कसं. हे सहा क त्याला बोटांवर मोजायला शिकवा, सहाव्यासाठी दुसऱ्या हाताचा अंगठा. मुलांचं हमखास सुटतं ते ‘केव्हा’, कारण त्यांच्या डोक्यात ‘परवा’ असतं आणि अंक निघेपर्यंत परवाचे पंधरा दिवस झालेले असतात. म्हणून तारीख आणि वार. आणि ‘का’ सुटतं, कारण त्यांनी विचारलेलंच नसतं. पडदा का अडकला? जाऊन विचार की. दोरीला गाठ पडली होती असं कळलं तर ते एक वाक्य सोन्यासारखं आहे, ते अख्ख्या शाळेत फक्त याच्याकडे आहे.

राहिला क्रम. पेपरवाले याला उलटा पिरॅमिड म्हणतात, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं आधी आणि बारीकसारीक शेवटी, जागा कमी पडली तर खालून कापता येतं. नाव भारी आहे पण मुलांना हे शिकवावं लागतच नाही. पोरगं शाळेतून पळत येऊन दारातूनच ओरडतं “आई, पडदा अडकला!” ते कधी “आज सकाळी आम्ही सर्वजण शाळेत जमलो” असं सुरू करतं का? ते खूळ निबंधाने डोक्यात घातलंय. दारातून जे ओरडून सांगितलं असतं ते पहिलं वाक्य. तिसरीच्या मुलाला शंभर-सव्वाशे शब्द खूप झाले, जास्तीचा आग्रह धरलात की परत उत्साह पार पडायला लागेल.

प्रश्न : ताई मी चौथीत आहे. मला आमच्या शाळेत घंटा वाजवणाऱ्या काकांची मुलाखत घ्यायची होती. मी विचारलं तुम्हाला घंटा वाजवायला आवडतं का, ते म्हणाले हो. मी विचारलं तुम्ही रोज वेळेवर येता का, ते म्हणाले हो. मग माझे प्रश्न संपले. मुलाखत चार ओळींची झाली. संपादक (ती पाचवीत आहे) म्हणाली ही छापता येणार नाही. (चौथीतली वार्ताहर)

उत्तर : तुझी संपादक कडक आहे, चांगलं आहे!

काका गप्प नाहीयेत गं, तुझे प्रश्नच तसे होते. ज्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असं येऊ शकतं त्याचं उत्तर मोठी माणसं हो किंवा नाही असंच देतात, त्यांना कामं असतात. प्रश्न ‘कसं’, ‘का’ आणि ‘सांगा ना’ ने सुरू कर. “घंटा वाजवायची वेळ झाली हे तुम्हाला कसं कळतं?” “कधी चुकून लवकर वाजवली गेली का?” हा पण हो-नाही वालाच झाला बघ, पण त्यांनी हो म्हटलं की लगेच म्हणायचं “मग काय झालं?” ‘मग?’ हा मुलाखतीतला सगळ्यात भारी प्रश्न आहे. तो विचारायचा आणि मग गप्प बसायचं. मनात पाचपर्यंत मोज. समोरचा माणूस शांतता भरून काढायला काहीतरी सांगतोच, हे मी मोठमोठ्या लोकांवर करून बघितलंय.

परत जा, आणि आधी त्यांची वेळ विचारून घे, घंटा वाजवायच्या दोन मिनिटं आधी जाऊ नकोस. सातआठ प्रश्न लिहून ने, पण त्यांनी मधेच काही वेगळं सांगितलं तर कागद सोड आणि त्याच्या मागे जा. नुसतं ऐकू नकोस, बघ पण. घंटा कशाची आहे, हातोडी कुठे टांगलेली असते, शाळा सुटायची घंटा आणि मधल्या सुट्टीची घंटा यात काही फरक आहे का आणि तो सगळ्यांना माहितीये का. त्यांनी बोललेलं एखादं वाक्य जसंच्या तसं लिहून घे, अवतरण चिन्हात तेच टाकायचं, तुझ्या मनाने सुधारलेलं नाही. आणि निघताना त्यांचं नाव त्यांनाच तुझ्या वहीत लिहायला सांग. नावातली वेलांटी चुकली ना तर बाकी सगळं बरोबर असूनही माणसाला वाईट वाटतं.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. विद्यार्थी वर्तमानपत्राची जबाबदारी माझ्यावर आलीये, चौदा मुलं आहेत, चार पानं आहेत आणि चौदाच्या चौदा जणांनी क्रीडादिनावर लिहून आणलंय. वर शुद्धलेखन असं की विचारू नका. सगळं दुरुस्त करायला बसले तर ते माझंच लेखन होतं, नाही केलं तर पालक म्हणतात शाळेत काय शिकवतात. (एक शिक्षिका)

उत्तर : बाई, चौदा क्रीडादिन मी पण बघितलेत, तुमच्या दुःखात सहभागी आहे.

विषय वाटण्याचं आधी. मुलांना ‘विषय आणा’ म्हटलं की ती सगळ्यांना माहीत असलेला सगळ्यात मोठा विषय आणतात, कारण तोच सुरक्षित वाटतो. त्याऐवजी जागा वाटून द्या. एकाला ग्रंथालय, एकाला मैदान, एकाला जिना, एकीला पहिलीचा वर्ग, एकीला ऑफिसची खिडकी. ज्याला जी जागा मिळाली तिथे त्याने आठवडाभर रोज दहा मिनिटं उभं राहायचं आणि दिसेल ते टिपायचं. पत्रकारितेत याला ‘बीट’ म्हणतात, मुलांना हा शब्द फार आवडतो, “माझी बीट जिना आहे” असं छाती काढून सांगतात. आमच्या जिन्यावाल्या मुलीने मोजून लिहिलं होतं की दोन पायऱ्या एकदम उतरणारे जास्त करून पाचवीचे असतात आणि पडणारे दुसरीचे. क्रीडादिन एका जोडीला द्या, बाकीच्यांनी त्यावर एकेक ओळ दिली तरी पुष्कळ.

पानांचा हिशोब सोपा ठेवा. ए-थ्री कागद मधोमध दुमडला की ए-फोरची चार पानं होतात. वाढवायचं तर आठ, म्हणजे चारच्या पटीतच जायचं. पहिल्या अंकाला चारच बरी. पहिल्या पानावर दोन बातम्या आणि एक चित्र, बस. मुलांना पाच ठिकाणी पाच फॉन्ट हवे असतात, तिथे मात्र खुशाल हुकूमशाही करा.

आता शुद्धलेखन. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे एक शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती, त्यामुळे वर्गात तासन्‌तास बोलणं त्यांना जमायचं नाही. १९२० च्या दशकात त्यांनी एका खेड्यातल्या वर्गात चक्क छोटं छपाई यंत्र आणलं. मुलं बाहेर फिरून यायची, पाहिलेलं लिहायची, कोणाचं छापायचं ते ठरवायची, आणि मग एकेक खिळा, म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर, जुळवून स्वतः छापायची. ते कागद दुसऱ्या गावच्या शाळेला जायचे आणि तिथले यांच्याकडे यायचे. बघा, इथे शुद्धलेखन बाईंसाठी नव्हतं, लांबच्या शाळेतल्या अनोळखी मुलाला कळावं म्हणून होतं, आणि हाताने अक्षर जुळवताना चूक आपोआप डोळ्यात खुपते.

आपल्याकडे खिळे नाहीत पण ती युक्ती वापरता येते. लाल पेन बाजूला ठेवा. पहिल्या खेपेला फक्त मजकूर वाचा आणि समासात प्रश्न लिहा, “किती जण?”, “मग काय झालं?”, “हे तू पाहिलंस की ऐकलंस?” दुरुस्ती नाही, नुसते प्रश्न. दुसऱ्या खेपेला दोन मुलं एकमेकांचं लेखन मोठ्याने वाचतील, आणि वाचताना जिथे अडखळतील तिथे खूण. तिसऱ्या खेपेला शुद्धलेखन, तेही पाचवीतल्या दोघातिघांना ‘मुद्रितशोधक’ करून आणि शब्दकोश हातात देऊन. शेवटची नजर तुमची, फक्त र्‍हस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं. छापलेल्या चुकीने मुलांना उगाच का लाजवायचं, म्हणून चुका दुरुस्त करायच्याच, पण वाक्य मोडायचं नाही. बोलीतलं वाक्य असेल तर राहू दे, ती चूक नव्हे. पालकांनी विचारलं तर पहिल्या खेपेचा आणि शेवटचा असे दोन्ही कागद समोर ठेवा.

प्रश्न : ताई, आमचा अंक शुक्रवारी होता आणि फायनल मॅच पण शुक्रवारी दुपारी. म्हणून मी गुरुवारीच लिहून ठेवलं की ५ वी अ जिंकली, कारण त्या नेहमीच जिंकतात. आणि ५ वी ब जिंकली. आता सगळे मला हसतायत. (पाचवीतला क्रीडा वार्ताहर)

उत्तर : हसू दे रे. तुझ्या आधी हे फार मोठ्या पेपरने केलंय. ३ नोव्हेंबर १९४८ ला अमेरिकेत शिकागो ट्रिब्यूनने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिल्या पानावर ही एवढी मोठी हेडलाईन छापली, डुईने ट्रुमनला हरवलं! छपाई कामगारांचा संप चालू होता त्यामुळे अंक लवकर छापायला पाठवावा लागायचा, मतमोजणी पूर्ण झालेली नव्हती, आणि सगळेच म्हणत होते डुई जिंकणार. निवडून आले ट्रुमन. त्यांनी तोच पेपर दोन्ही हातांनी वर धरून हसत फोटो काढला, तो फोटो अजून बघायला मिळतो.

पुढच्या वेळी हे कर. गुरुवारी लिहायचं ते फक्त आधीच ठरलेलं, म्हणजे मॅच कोणाची, कुठे, किती वाजता, आधीच्या फेऱ्यांत काय झालं. वरची चार ओळींची जागा चौकट आखून कोरी सोड आणि मॅच संपल्यावर हाताने भर, झेरॉक्स मग काढायची. संपादक थांबायला तयार नसेल तर “सामना आज दुपारी” अशी बातमी दे, तीही बातमीच आहे. आणि या वेळचं? पुढच्या अंकात पहिल्याच पानावर छोटी चौकट टाक, “मागच्या अंकात आम्ही ५ वी अ जिंकली असं छापलं होतं, ते चूक होतं, ५ वी ब जिंकली.” कारणं देत बसू नकोस.

प्रश्न : आमच्या विद्यार्थी संपादक मंडळाने मुलींच्या स्वच्छतागृहातले नळ बंद आहेत अशी बातमी केली. मुख्याध्यापकांचं म्हणणं शाळेची बदनामी होते, काढून टाका, त्याऐवजी पर्यावरणावर कविता घ्या. मुलं हिरमुसलीत. मी मधे अडकलोय. (एक शिक्षक)

उत्तर : सर, पर्यावरणाच्या कवितेत पाण्याचं महत्त्व सांगितलेलं असणार आणि नळाला पाणी नसणार, यावर काय बोलू.

चिडून उपयोग नाही म्हणा. मी तुमच्या जागी असते तर मुलांचा कागद आधी नीट बघितला असता. बरेचदा त्यात लिहिलेलं असतं “नळ कधीच चालत नाहीत, कोणी लक्षच देत नाही.” ही तक्रार झाली, आणि ‘कधीच’ आणि ‘कोणी’ हे दोन शब्द ऐकले की मुख्याध्यापक काय, कोणीही भडकेल. मुलांना मोजायला पाठवा. एकूण नळ किती, त्यातले आज चालू किती, सलग पाच दिवस रोज मोजा, तक्ता करा. मग त्यांनी तो तक्ता घेऊन स्वतः मुख्याध्यापकांकडे जायचं, अपॉइंटमेंट घेऊन, आणि विचारायचं की सर हे दुरुस्त कधी होईल, तुमचं उत्तर आम्हाला बातमीत छापायचंय. जे उत्तर मिळेल ते जसंच्या तसं छापायचं. ज्याच्याबद्दल लिहितोय त्याची बाजू विचारणं हे मोठ्या पेपरांचाही नियम आहे, सगळे पाळतात असं नाही. पण इथे जादू अशी होते की आपलं म्हणणं छापून येणार म्हटल्यावर माणूस बातमी अडवायचं सोडून उत्तर शोधायला लागतो. आमच्याकडे एकदा बातमी छापून यायच्या आधीच प्लंबर आला. मुलं नाराज! म्हणे आता बातमीच गेली. मी म्हटलं उलट आता शेवट मिळाला.

मुख्याध्यापकांना सांगण्यासारख्या दोन गोष्टी अजून आहेत. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात कलम १३ आहे, मुलांना आपलं म्हणणं मांडायचा, माहिती मिळवायचा आणि ती इतरांना द्यायचा हक्क आहे असं ते सांगतं. दुसऱ्यांच्या प्रतिष्ठेचा मान राखायची मर्यादाही त्याच कलमात आहे, म्हणजे मुलांनाही सांगता येतं की कोणा एकाला झोडपायला हे पान नाही. आणि दुसरं, यानुश कोर्चाक. पोलंडमधले डॉक्टर, अनाथ मुलांसाठी संस्था चालवायचे. १९२६ मध्ये त्यांनी वॉर्सातल्या एका दैनिकाची मुलांची पुरवणी सुरू केली, दर शुक्रवारी यायची, नाव ‘छोटी समीक्षा’ अशा अर्थाचं. त्यात मोठ्यांनी मुलांसाठी लिहिलेलं नसायचं, मुलांनीच लिहिलेलं असायचं, पत्रंच्या पत्रं. घरचं, शाळेचं, भांडणांचं, अन्याय वाटलेल्या गोष्टींचं. शेवटचा अंक १ सप्टेंबर १९३९ चा, त्याच दिवशी महायुद्ध सुरू झालं. तेरा वर्षं एका मोठ्या शहरातल्या दैनिकाने मुलांच्या तक्रारी छापल्या, आपल्याला चार नळ छापता येऊ नयेत?

एक मात्र पाळा, बातमीत कोणा मुलीचं नाव नको, “इयत्ता चौथीतल्या एका मुलीने सांगितलं” एवढं बास. आणि एवढं करूनही नकारच आला, तर मुलांना खोटं कारण देऊ नका. जागा नव्हती वगैरे म्हणू नका, त्यांना कळतं. नकार कोणी आणि का दिला ते खरं सांगा, आणि तक्ता त्यांच्या वहीत राहू दे, पुढच्या महिन्यात परत मोजता येईल.

प्रश्न : माझी नात दुसरीत आहे, हे तिचं म्हणणं मी टाईप करतोय. “मला जोडाक्षरं येत नाहीत. पण मला पेपरमध्ये यायचंय. मी चित्र काढते. चालेल का?” (आजोबा, नातीतर्फे)

उत्तर : अगं चालेल काय, पळेल! पण फूल, डोंगर, सूर्य असलं नको, ते सगळेच काढतात. तू बातमीचं चित्र काढ. तुमच्या वर्गात कोण कुठे बसतं त्याचा नकाशा काढ, वरून बघितल्यासारखा. किंवा खिडकीतून काय दिसतं ते सोमवारी एकदा आणि शुक्रवारी एकदा काढ, दोन्हींत काय बदललं त्यावर बाण कर. काळ्या पेनने काढ बरं का, पेन्सिल झेरॉक्समध्ये पुसट येते. चित्राखाली एक ओळ लागते, तिला फोटोओळ म्हणतात, ती तू बोल आणि आजोबा लिहितील. आजोबा, ती बोलेल तेच लिहायचं हं, एक शब्द पदरचा घालायचा नाही. कोपऱ्यात तिचं नाव तिला येतं तसं तिनेच लिहू दे, जोडाक्षर असेल तर अर्धं अक्षर कसं काढायचं ते शेजारच्या कागदावर तिला दाखवून ठेवा.